नदीची तक्रार कोणी करावी?

तुंगभद्रेचे नाव काढताच आपल्या वाचकांस हंपी आठवते, मंत्रालय आठवते. त्याच नदीच्या वरच्या अंगास, हरिहरासमोरील कुमारपट्टणम येथे १९७०च्या दशकात हरिहर पॉलिफायबर्सचा कारखाना उभा राहिला. हे गाव तेव्हा आपल्या धारवाड जिल्ह्यात होते. १९९७ पासून ते हावेरीत गेले. रेयॉनसाठी लागणारा लाकडाचा लगदा तेथे तयार होऊ लागला, पुष्कळ घरांना रोजगार मिळाला. १९८४ साली नदीत मासे मोठ्या संख्येने मरून तरंगू लागले. दोष कारखान्याच्या सांडपाण्याचा, असे काठच्या लोकांचे म्हणणे. ज्यांची जाळी रिकामी येऊ लागली ते कोळी एका बाजूस आणि ज्यांची चूल कारखान्यावर पेटते ते दुसऱ्या बाजूस, अशी ही कठीण गाठ होती. शेजाऱ्याच्या पोटावर पाय येईल या संकोचाने माणसे गप्प बसतात, हे आम्ही आपल्या गावांतही पाहतो.

धारवाडची समाज परिवर्तन समुदाय ही संस्था गप्प बसली नाही. एस. आर. हिरेमठ हे तिचे प्रमुख. १९८४ च्या गांधीजयंतीस कारखान्यासमोर मोठी निदर्शने झाली. परंतु आम्हांस अधिक महत्त्वाची वाटते ती पुढची पायरी. डिसेंबर १९८५ मध्ये संस्थेने उच्च न्यायालयात जो अर्ज केला, तो राज्याच्या प्रदूषण मंडळाविरुद्ध. नदी राखण्याचे काम ज्याच्याकडे सोपविले, त्याने ते केले नाही, ही तक्रार! तेव्हाच्या कायद्याप्रमाणे प्रदूषणाची फिर्याद मंडळाने किंवा मंडळाच्या लेखी संमतीनेच करावयाची असे. राखणदारच उठेना, तर सामान्याने जावे कोठे? १९८८ च्या दुरुस्तीने ती वाट उघडली. साठ दिवसांची नोटीस देऊन कोणाही नागरिकास फिर्याद करण्याची मुभा मिळाली.

त्याच कारखान्यास निलगिरीचे लाकूड पुरविण्यासाठी गावोगावची सामाईक जमीन देण्याचा घाट घातला गेला, तेव्हा ज्ञानपीठविजेते कन्नड साहित्यिक शिवराम कारंत अर्जदार म्हणून सर्वोच्च न्यायालयात उभे राहिले. मार्च १९८७ मध्ये स्थगिती मिळाली. पुढे २००९ साली बळ्ळारीच्या बेकायदा खाणींविरुद्धही हीच संस्था दिल्लीस गेली. जुलै २०११ मध्ये न्यायालयाने तेथील खाणकाम थांबविले, आणि १८ एप्रिल २०१३ च्या निकालाने सर्वाधिक गैरप्रकारांच्या 'क' वर्गातील खाणपट्टे रद्द केले.

एवढी मोठी प्रकरणे आपल्या वाट्यास येणार नाहीत. आपल्यापुढे असतो तो नाला, तलाव, रात्री जाळला जाणारा कचरा. त्याविषयी लिहावयाचे कसे? परीक्षेतील 'आरोग्याधिकाऱ्यांस पत्र' आम्ही वर्षानुवर्षे तपासत आलो. विद्यार्थी दुर्गंधीचे वर्णन अर्धे पान करतात. नाला कोठला, दिवस कोणता, वेळ कोणती, हे मात्र बहुतेकांत सापडत नाही. मोठ्यांच्या अर्जांतही हाच दोष असतो.

वेळेला तर फार महत्त्व आहे. १९७४ च्या जलप्रदूषण कायद्यान्वये पाण्याचा नमुना मंडळाच्या अधिकाऱ्याने, कारखानदारास सूचना देऊन घ्यावयाचा. त्याचे दोन भाग करून ते मोहोरबंद करावयाचे व उभयतांनी सह्या करावयाच्या. ही रीत चुकली तर पृथक्करणाचा निकाल न्यायालयात पुरावा म्हणून चालत नाही. आपण घरच्या बाटलीत भरून ठेवलेल्या पाण्याने हे काम भागणार नाही. पाणी वाहत असतानाच मंडळाच्या प्रादेशिक कचेरीस कळविले पाहिजे; रात्री सोडलेले सकाळपर्यंत निघून जाते. छायाचित्र घ्यावे, दोनचार शेजाऱ्यांच्या सह्या घ्याव्यात, अर्जाची एक प्रत महानगरपालिकेस द्यावी आणि पोच घेतल्यावाचून कचेरीतून उठू नये. ही पोचच पुढे उपयोगी पडते. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणापुढे, म्हणजे आपल्यासाठी चेन्नईच्या पीठापुढे, वाद न्यावयाचा तर कारण घडल्यापासून साधारणतः सहा महिन्यांच्या आत नेला पाहिजे. ती मुदत मोजावयास तारीख हाताशी हवी.

आणखी एक. आपल्यातील कित्येक वडीलधारी माणसे कन्नड उत्तम बोलतात, पण लिहावयास कचरतात. घरातील मुले शाळेत कन्नड शिकतातच. आजोबांनी सांगावे, नातीने लिहावे.