न हलणाऱ्या देहातली जाग

इंग्लंडमधल्या एका २३ वर्षांच्या तरुणीला जुलै २००५मध्ये रस्त्यावर अपघात झाला. मेंदूला जबर मार बसला. पाच महिने उलटले तरी हाकेला ओ नव्हती, सांगून बोटही हलत नव्हतं. डोळे मात्र उघडत, झोप-जाग चालू होती. वैद्यकाच्या भाषेत ही ‘व्हेजिटेटिव्ह स्टेट’: देह जागा, पण जाणीव नाही.

तेव्हा केंब्रिजमध्ये असलेले मेंदूशास्त्रज्ञ एड्रियन ओवेन यांनी तिला एफएमआरआय यंत्रात झोपवून सूचना दिली, ‘टेनिस खेळते आहेस अशी कल्पना कर.’ हालचालींची आखणी करणाऱ्या भागाकडे रक्ताचा ओघ वाढला. ‘आता मनातल्या मनात घरभर फिर, एकेका खोलीत जा,’ म्हटल्यावर जागांची ओळख ठेवणारे भाग कामाला लागले. धडधाकट माणसांच्या मेंदूची चित्रं शेजारी ठेवली तर फरक दाखवता येत नव्हता. २००६मध्ये हे ‘सायन्स’मध्ये छापून आलं.

‘टेनिस’ हा शब्द कानावर पडताच मेंदू आपोआप चाळवला असेल, असा आक्षेप आला. आक्षेप रास्तच होता. पण नुसत्या शब्दाने उठलेली हालचाल काही क्षणांत विरते. इथे ती तीस सेकंद, थांबायला सांगेपर्यंत टिकली होती. सूचना कळणं, ती धरून ठेवणं, तेवढा वेळ मन तिथेच गुंतवणं, हे सगळं त्या निश्चल देहात घडत होतं. याला जाणीव म्हणायचं नाही तर कशाला?

दुसऱ्याला मन आहे हे आपण त्याच्या बोलण्या-वागण्यावरून ओळखतो. तेच बंद पडलं तर? गाढ झोपेत जाणीव उरते का, यावरून आपल्याकडे न्यायदर्शनाचे नैयायिक आणि वेदान्तातले अद्वैती शतकानुशतकं वाद घालत आले. नैयायिक म्हणत, सुषुप्तीत आत्मा असतो, जाणीव नसते; झोप लागली होती हे आपण उठल्यावर अनुमानाने ठरवतो. अद्वैती विचारत, मग ‘छान झोप लागली, काही कळलं नाही’ ही आठवण आली कुठून? अनुभवाशिवाय आठवण कशी? झोपलेल्याला त्याच क्षणी विचारायची सोय दोघांकडेही नव्हती.

मिलानचे मार्चेल्लो मास्सिमिनी यांनी न विचारता तपासायची वाट काढली. माठ घेताना आपण टिचकी मारून नाद ऐकतो, तसा ते डोक्याबाहेरून मेंदूला चुंबकीय ठोका देतात आणि ईईजीवर त्याचे पडसाद टिपतात. स्वप्नरहित गाढ झोपेत पडसाद तिथल्या तिथे विरतो, नाहीतर सगळीकडे एकाच साच्यात पसरतो. जाग्या मेंदूत तो भागाभागांतून फिरतो आणि प्रत्येक ठिकाणी वेगळं रूप घेतो. स्वप्न पडत असताना देह निपचित असतो, तरी पडसाद असाच गुंतागुंतीचा उमटतो. मात्र मेंदूतल्या या गुंतागुंतीतून एखादा ठणका आपल्याला ‘जाणवतो’ तो कशामुळे, हा तत्त्वज्ञ डेव्हिड चाल्मर्स यांनी १९९०च्या दशकापासून लावून धरलेला प्रश्न अजून सुटलेला नाही. माझ्या मते तो सुटेपर्यंत रुग्णाला ताटकळत ठेवता येणार नाही.

महाराष्ट्रात हा विषय निघाला की वर्षानुवर्षं केईएम रुग्णालयात खाटेला खिळून असलेल्या अरुणा शानभाग आठवतात. २०११मध्ये सर्वोच्च न्यायालयापुढे त्यांचं प्रकरण आलं, तेव्हा न्यायालयाने नेमलेल्या डॉक्टरांच्या मते व्हेजिटेटिव्ह स्टेटचे बहुतेक निकष त्यांना लागू होते. वर्षानुवर्षं भरवणाऱ्या, न्हाऊमाखू घालणाऱ्या केईएमच्या परिचारिका मात्र त्यांना आवडनिवड आहे, असं सांगत होत्या. अरुणा यांच्या मेंदूत काय चाललं होतं ते आता कुणालाच सांगता येणार नाही. पण रोज उशाशी बसणाऱ्या माणसाचं निरीक्षण भाबडेपणा म्हणून बाजूला सारू नये, असं मला ठामपणे वाटतं.

कारण २०२४मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये आलेली पाहणी. खाटेपाशी दिलेल्या कुठल्याच सूचनेला प्रतिसाद न देणाऱ्या २४१ रुग्णांना एफएमआरआय किंवा ईईजी लावून तशीच कामं सांगितली. ६० जणांच्या मेंदूंनी ती केली; म्हणजे चौघांत एक. त्याच पाहणीत खाटेवर सूचना पाळून दाखवणारेही ११२ जण होते. त्यांच्यापैकी ४३ जणांचाच प्रतिसाद यंत्राला टिपता आला. तेव्हा यंत्रावर काही उमटलं नाही, एवढ्यावरून आत कुणी नाही असं कुठल्याही डॉक्टरला नातेवाइकांना सांगता येत नाही.