खेळामागचं गणित (भाग ७) : पंधरा सेकंदांचं वादळ

गेल्या आठवड्यात ढाल घेऊन पुढे उभ्या राहणाऱ्या गड्याबद्दल लिहिलं. आज त्याच्या मागे उभा असलेला जादूगार. तो लांबून मारतो, एका दणक्यात दहाजणांना लोळवतो, शत्रूला जागच्या जागी गोठवतो. मग तलवारवाल्याने खेळात यायचंच कशाला? ऑनलाइन खेळ रचणाऱ्याला या प्रश्नाचं उत्तर रोज द्यावं लागतं.

मला ते उत्तर पहिल्यांदा दिसलं नाशिकला, कॉलेज रोडजवळच्या एका नेट कॅफेत. तिथे आम्ही ‘रॅग्नारोक ऑनलाइन’ खेळायचो. हा खेळ २००२ साली कोरियात सुरू झाला आणि पुढे भारतातही त्याचा सर्व्हर आला. त्यातल्या विझार्डचा हुकमी मंत्र म्हणजे ‘स्टॉर्म गस्ट’, बर्फाचं वादळ. दहाव्या पातळीला हा मंत्र पुरा व्हायला मूळ वेळ १५ सेकंद. डोक्यावर हिरवी पट्टी हळूहळू भरत जायची आणि तेवढ्यात कुणाचा एक फटका बसला की मंत्र तुटायचा. शेजारच्या खुर्चीवरचा मित्र राक्षसांना अंगावर घेत ओरडायचा, “अरे, झालं का? मरतोय मी!” त्या १५ सेकंदांत आम्ही दोघं एकमेकांना धरून असायचो. वादळाची ताकद अफाट होती, पण तिची किंमत समोरच्याला दिसत होती आणि ती वसूल करण्याची संधीही त्याला होती.

आपल्या पंचवटीच्या गोष्टीत हेच आहे. मारीच मायावी खरा, पण सोन्याचं हरीण झाल्यावर त्याला रामाच्या बाणाच्या टप्प्यात यावंच लागलं. रामाच्या बाणाचा अनुभव त्याला विश्वामित्रांच्या यज्ञातच आला होता, म्हणून तर तो रावणाला नको नको म्हणत होता.

‘रॅग्नारोक’मध्ये ही किंमत एका आकड्याने खाऊन टाकली. ‘डेक्स’, म्हणजे हाताची चपळाई, जितकी जास्त तितका मंत्राचा वेळ कमी. आणि १५० डेक्सला तो थेट शून्य. ३० डेक्स कमावले की १५ सेकंदांचे १२ होतात. १२० वरून १५० वर गेलं की ३ चे शून्य. दोन्हीकडे वाचले तीनच सेकंद, पण पहिल्या वेळी मंत्र थोडा लवकर झाला. दुसऱ्या वेळी तो तोडण्याची सोयच संपली. किल्ल्यांच्या लढाईत दारातून आत पाऊल टाकणारा पडद्यावर काय आहे हे कळायच्या आत गोठलेला असायचा.

अशा वेळी खेळाडू ओरडतात, ‘डॅमेज कमी करा’. मला ते पटत नाही. वादळ वादळासारखंच असावं, नाहीतर ते शिकायचं कशाला? पुढे ‘रिन्यूअल’ नावाच्या फेररचनेत मंत्राच्या वेळेचे दोन भाग केले : एक आकड्यांनी कमी होणारा आणि दुसरा डेक्स कितीही वाढवला तरी न हलणारा. हा उपाय योग्य जागी केलेला आहे.

तो दुसरा भाग किती ठेवावा, हे कागदावर काढता येतं. स्टॉर्म गस्टचा पल्ला ९ घरांचा, म्हणजे नकाशावरच्या ९ चौकोनांचा. साधा खेळाडू एक घर ०.१५ सेकंदात ओलांडतो, म्हणजे ९ घरांना १.३५ सेकंद. जुन्या सूत्रात १३७ डेक्सला मंत्राचा वेळ होतो १.३ सेकंद. म्हणजे पल्ल्याच्या टोकावरून सरळ धावत निघालेला तलवारवाला १५० च्या कितीतरी आधीच हरलेला असतो. तो विझार्डच्या अंगाला भिडतो तेव्हा पट्टी नुकतीच भरलेली असते. म्हणून तो न हलणारा भाग १.३५ सेकंदांहून थोडा जास्तच हवा.

पुढच्या आठवड्यात : जखमा भरणाऱ्या प्रीस्टचं गणित.