पुरःस्थ ग्रंथीच्या कर्करोगावरील उपचारकाळातील पाठदुखी : कारणे, वेदनेची भाषा आणि दैनंदिन व्यवस्थापन

बीजसंज्ञा : पुरःस्थ ग्रंथी, संप्रेरक-उपचार, पाठीचा कणा, वेदनाशमन, शुश्रूषा

प्रस्तावना :

पुरुषाच्या मूत्राशयाच्या मुखाशी, मूत्रमार्गाला वेढून, साधारण अक्रोडाएवढी एक ग्रंथी असते. तिला मराठीत पुरःस्थ ग्रंथी असे नाव आहे. व्यवहारात मात्र सर्वजण तिला प्रोस्टेट या नावानेच ओळखतात. या ग्रंथीचा कर्करोग प्रामुख्याने उतारवयात होतो आणि नेमक्या याच वयात पाठदुखी ही घरोघरची तक्रार असते. त्यामुळे पाठ दुखू लागली की तिचे कारण वयात, जुन्या कष्टात किंवा मणक्यांच्या झिजेत शोधले जाते. उलटपक्षी, कर्करोगाचे निदान झाल्यानंतर पाठीत निघणारी प्रत्येक चमक म्हणजे आजार पसरल्याची खूण, असे रुग्णाला वाटू लागते. या दोन्ही समजुती अपुऱ्या आहेत. उपचारकाळातील पाठदुखीची कारणे एकाहून अधिक असतात आणि कारणानुसार उपायही बदलतात, हे स्पष्ट करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू होय.

प्रस्तुत लेखिका मराठीची अध्यापक आहे, वैद्यकाची नव्हे. या विषयाकडे वळण्याचे कारण घरगुती आहे. माझे वडील जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शाळेतून निवृत्त झालेले शिक्षक. सन 2021 मध्ये ते जवळजवळ पाच महिने ‘पाठीत उसण भरली आहे’ असे सांगत होते. गावातील एक जाणकार गृहस्थ त्यांची पाठ चोळून देत. रात्री चार-पाच वेळा लघवीला उठावे लागते, ही दुसरी तक्रार मुलीसमोर उच्चारणे त्यांना प्रशस्त वाटले नाही. या दोन तक्रारी एकाच व्यक्तीपाशी एकत्र सांगितल्या गेल्या असत्या, तर रक्ताची साधी तपासणी लवकर झाली असती.

पुरःस्थ ग्रंथी आणि पाठीचा कणा :

हा कर्करोग ग्रंथीबाहेर पडला की त्याचा ओढा हाडांकडे असतो. स्वित्झर्लंडमधील बाझेल येथील संशोधकांनी या कर्करोगाच्या 1,589 रुग्णांच्या शवविच्छेदन-नोंदींचा अभ्यास सन 2000 मध्ये प्रसिद्ध केला. रक्तावाटे आजार अन्यत्र पसरलेल्या रुग्णांपैकी सुमारे 90 टक्के रुग्णांच्या हाडांत तो आढळला होता आणि हाडांमध्येही कण्याचे प्रमाण सर्वाधिक होते. यामागील एक शारीरिक कारण ऑस्कर बॅट्सन या अमेरिकन शरीररचनाशास्त्रज्ञाने सन 1940 मध्ये मांडले. कटिभागातील शिरा आणि मणक्यांभोवतीचे शिरांचे जाळे परस्परांशी जोडलेले असून त्या जाळ्यात झडपा नसतात. त्यामुळे खोकताना किंवा कुंथताना पोटातील दाब वाढला की रक्त उलट दिशेने कण्याकडे जाऊ शकते. हे कारण एकमेव नाही. हाडातील मज्जा या पेशींना रुजण्यास अनुकूल ठरते, हेही तितकेच महत्त्वाचे आहे.

येथे एक विसंगती लक्षात घ्यावयास हवी. या कर्करोगाने ग्रासलेले हाड क्ष-किरण चित्रात बहुधा अधिक दाट, पांढरे दिसते. दाट म्हणजे बळकट असा समज सहज होतो. प्रत्यक्षात ते नवे हाड अस्ताव्यस्त रचनेचे, म्हणून कमकुवत असते आणि भार पडल्यास खचू शकते. अशा पाठीला जोराने मालीश करणे, झटका देऊन मणका ‘बसवणे’ किंवा वजने लावून ओढ देणे धोक्याचे आहे. हे आम्हांस फार उशिरा कळले. चोळून देणाऱ्या गृहस्थांचा हेतू चांगला होता, एवढेच त्यांच्याबाबत म्हणता येईल.

उपचारांमुळे उद्भवणारी पाठदुखी :

पुरःस्थ ग्रंथीचा कर्करोग पुरुष-संप्रेरकावर पोसला जातो, हे शिकागो येथील चार्ल्स हगिन्स व त्यांचे सहकारी क्लॅरेन्स हॉजेस यांनी सन 1941 मध्ये दाखवून दिले. वृषणे काढल्यावर आजार आटोक्यात येतो आणि हाडांतील वेदना ओसरतात, असे त्यांना आढळले. हगिन्स यांना सन 1966 मध्ये नोबेल पारितोषिकाने गौरविण्यात आले. टेस्टोस्टेरॉनची पातळी खाली आणणे हाच पसरलेल्या आजारावरील उपचाराचा पाया आजही आहे. ते शस्त्रक्रियेने साधता येते किंवा ल्युप्रोलाइड, गोसेरेलिन यांसारख्या इंजेक्शनांनी.

या इंजेक्शनांचा एक गुणधर्म प्रत्येक कुटुंबास आधी सांगितला गेला पाहिजे. ती मेंदूतील पीयूषिका ग्रंथीला प्रथम चेतवतात आणि नंतर थकवतात. परिणामी पहिला एक-दीड आठवडा टेस्टोस्टेरॉन कमी होण्याऐवजी वाढते, आणि कण्यात आजार असेल तर पाठदुखी उसळते. हे टाळण्यासाठी बायकॅल्युटमाइडसारख्या प्रतिरोधक गोळ्या इंजेक्शनापूर्वी किंवा त्यासोबत सुरू करून काही आठवडे दिल्या जातात. डेगारेलिक्स या औषधाने अशी उसळी येत नाही. शस्त्रक्रियेत तर संप्रेरक काही तासांतच खाली येते. आमच्या बाबतीत पहिल्या इंजेक्शनानंतर आठवड्याभरात वडिलांचे दुखणे दुप्पट झाले. गोळ्यांचा उल्लेख कागदावर होता, परंतु त्या कशासाठी आहेत आणि केव्हा सुरू करावयाच्या हे आम्हांस कोणी समजावले नाही व आम्हीही विचारले नाही. औषध बाधले, असा निष्कर्ष घरातील सर्वांनी काढला.

दीर्घकाळ चालणाऱ्या संप्रेरक-उपचारामुळे होणारी पाठदुखी वेगळी असते. टेस्टोस्टेरॉन घटल्याने हाडे विरळ होतात, स्नायू रोडावतात आणि पोटावर चरबी वाढते. म्हणजे कण्याला आधार देणारे स्नायू क्षीण होत असतानाच त्याच्यावरील भार वाढतो. अशा हाडात कर्करोग नसतानाही मणका दबू शकतो. म्हणूनच हाडांच्या घनतेची तपासणी, पुरेसे कॅल्शियम व ड जीवनसत्त्व, आणि गरजेनुसार झोलेड्रॉनिक आम्ल किंवा डेनोसुमॅब यांचा विचार केला जातो. ही औषधे सुरू करण्यापूर्वी दात तपासून घ्यावेत, कारण नंतर दात काढावा लागल्यास जबड्याच्या हाडाची जखम भरून न येण्याचा धोका असतो. झोलेड्रॉनिक आम्लाच्या पहिल्या सलाईननंतर एक-दोन दिवस ताप येऊन अंग व पाठ दुखते. ती प्रतिक्रिया तात्पुरती असते.

डोसिटॅक्सेलसारखी केमोथेरपी घेणाऱ्या रुग्णांना पांढऱ्या पेशी वाढविण्याचे इंजेक्शन दिले जाते. मज्जेला काम लावल्याने कंबर व माकडहाडाजवळ ठणका लागतो, तो काही दिवसांत जातो. बरगड्यांखाली, एका बाजूस दुखत असेल तर मूत्रमार्गातील अडथळ्याने मूत्रपिंड फुगले आहे का, हेही पाहावे लागते. आणि अर्थात साधी, कोणत्याही वृद्धाला होणारी पाठदुखी या रुग्णांनाही होऊ शकते.

वेदनेची भाषा :

या ठिकाणी माझ्या विषयाशी संबंधित एक निरीक्षण नोंदविते. कॅनडातील मॅक्गिल विद्यापीठाचे मानसशास्त्रज्ञ रोनाल्ड मेल्झॅक यांनी सन 1975 मध्ये वेदनेच्या वर्णनात्मक शब्दांवर आधारलेली एक प्रश्नावली प्रसिद्ध केली. वेदना किती आहे यासोबतच ती कशी आहे हे कळणे आवश्यक आहे, हे त्यामागील सूत्र होते. मराठीत ही सामग्री विपुल आहे. हाड ‘ठणकते’, पाठ ‘धरते’, उसण ‘भरते’, चमक ‘निघते’, कळ ‘येते’, जखम ‘सलते’, पायाला ‘मुंग्या येतात’, तळवा ‘बधिर होतो’. हे शब्द समानार्थी नाहीत. रात्री पडून राहिले असता वाढणारा खोल ठणका हाडाकडे बोट दाखवितो. कमरेपासून पायात उतरणारी, विजेसारखी चमक नस दबल्याचे सुचविते. हालचालीने येणारी व विसाव्याने जाणारी धर बहुधा स्नायूंची असते. दवाखान्यात मात्र रुग्ण ‘पाठ दुखते’ एवढेच सांगतो, आणि सोबतचा मुलगा किंवा मुलगी तेही ‘बॅकपेन आहे’ या शब्दांत आटोपते. शून्य ते दहा या मोजपट्टीवरील आकड्यासोबत रुग्णाचे स्वतःचे शब्द, दुखण्याची वेळ व स्थिती यांची वहीत नोंद केल्यास डॉक्टरांचे काम सुकर होते. ‘उसण’ या शब्दाने आमची पाच महिने फसगत केली. तो शब्द कारणासह येतो. उसण म्हटले की ती वाकल्याने किंवा ओझे उचलल्याने भरली, हे गृहीतच धरले जाते.

तातडीची लक्षणे :

कण्यातील आजार मज्जारज्जूवर दाब आणू लागला तर काळ तासांत मोजावा लागतो. छाती किंवा पोटाभोवती पट्टा आवळल्यासारखे दुखणे, खोकताना वा शौचाच्या वेळी कळ वाढणे, आडवे झाल्यावर दुखणे तीव्र होणे ही पूर्वसूचना असते. पाय जड वाटणे, चप्पल पायातून निसटल्याचे न कळणे, जिन्यावर गुडघे वाकणे, जांघा व बैठकीचा भाग बधिर होणे, लघवी अडणे, शौचावरील ताबा जाणे ही त्यानंतरची लक्षणे होत. अशा वेळी संपूर्ण कण्याचे एमआरआय चित्रण, डेक्सामिथासोन हे स्टिरॉइड आणि किरणोपचार किंवा शस्त्रक्रिया यांचा निर्णय शक्यतो 24 तासांच्या आत व्हावयास हवा. अमेरिकेतील पॅचेल व सहकाऱ्यांनी सन 2005 मध्ये प्रसिद्ध केलेल्या चाचणीत निवडक रुग्णांपैकी शस्त्रक्रिया व किरणोपचार दोन्ही मिळालेले 84 टक्के, तर केवळ किरणोपचार मिळालेले 57 टक्के रुग्ण उपचारानंतर चालू शकले. उपचार सुरू होताना चालू शकणारा रुग्ण पुढेही चालण्याची शक्यता अधिक असते. पाय पूर्ण गेल्यावर ते परत येणे दुर्मीळ.

वडिलांचे पाय शनिवारी संध्याकाळी जड झाले. रविवारी बाह्यरुग्ण विभाग बंद असतो, म्हणून आम्ही सोमवारची वाट पाहिली. अपघात विभाग रविवारीही उघडा असतो, हे आम्हां दोन पदव्युत्तर भावंडांना सुचले नाही. सध्या ते वॉकर घेऊन अंगणापर्यंत जातात.

वेदनाशमन :

हाडातील वेदनेवर किरणोपचार प्रभावी ठरतो. गुंतागुंत नसलेल्या जागी 8 ग्रे एवढी एकच मात्रा वेदनाशमनासाठी अनेक दिवसांच्या मात्रांइतकीच उपयोगी पडते, हे अनेक चाचण्यांतून सिद्ध झाले आहे; पुन्हा मात्रा देण्याची गरज मात्र तुलनेने अधिक वेळा पडते. दूर गावाहून येणाऱ्या रुग्णासाठी एका फेरीत काम होणे ही लहान गोष्ट नाही. उतार पडण्यास दोन ते चार आठवडे लागू शकतात व पहिल्या काही दिवसांत दुखणे वाढूही शकते. किरणोपचाराच्या कठीण फळीवर उताणे पडून राहणे पाठदुखीच्या रुग्णाला असह्य होते. त्यासाठी तात्काळ गुण देणारी वेदनाशामक मात्रा अर्धा-पाऊण तास आधी द्यावी का, हे विचारून घ्यावे.

जागतिक आरोग्य संघटनेने सन 1986 मध्ये वेदनाशामकांची तीन पायऱ्यांची शिडी मांडली. पॅरासिटामॉल व तत्सम औषधे पहिल्या पायरीवर, तर मॉर्फिन शेवटच्या पायरीवर आहे. औषध दुकानातून परस्पर आणलेल्या दाहशामक गोळ्या या रुग्णांसाठी विशेष जोखमीच्या आहेत, कारण मूत्रमार्गातील अडथळ्याने मूत्रपिंडावर आधीच ताण असू शकतो. मॉर्फिनविषयी समाजात दोन धास्ती आहेत : व्यसन लागेल, आणि मॉर्फिन आले म्हणजे शेवट आला. कर्करोगाच्या वेदनेसाठी देखरेखीखाली घेतलेल्या मॉर्फिनने व्यसन लागण्याचे प्रमाण अल्प असते आणि उपचार सुरू असतानाही ते वर्षानुवर्षे घेता येते. ते ठरलेल्या वेळी घ्यावे, दुखणे चढण्याची वाट पाहू नये. बद्धकोष्ठ मात्र हमखास होते. त्यावर घरोघरी इसबगोल दिले जाते. ते येथे उपयोगी नाही, पाणी कमी पडल्यास अडथळाच वाढवते. सोनामुखीसारखे आतड्याला चालना देणारे रेचक मॉर्फिनसोबतच सुरू केले जाते.

मॉर्फिन मिळण्यातील अडचण मोठी होती. सन 1985 च्या अमली पदार्थविषयक कायद्यातील जाचक परवान्यांमुळे रुग्णालये ते बाळगण्यास कचरत. सन 2014 च्या दुरुस्तीने ही प्रक्रिया सुलभ केली, तरी तालुक्याच्या ठिकाणी ते आजही सहज मिळत नाही. मुंबईचे टाटा स्मारक रुग्णालय, पुण्यात वारजे येथे सन 1997 मध्ये सुरू झालेले सिप्ला फाउंडेशनचे परिहारक सेवा केंद्र, वांद्र्याचे शांती आवेदना सदन या ठिकाणी वेदनाशमनाची स्वतंत्र व्यवस्था आहे.

दैनंदिन व्यवहार :

अंथरुणास खिळून राहणे हा उपाय नव्हे. ऑस्ट्रेलियातील गॅल्वाओ व सहकाऱ्यांनी सन 2010 मध्ये प्रसिद्ध केलेल्या, 57 पुरुषांवरील 12 आठवड्यांच्या अभ्यासात वजनांचा व चालण्यासारखा व्यायाम एकत्र केल्याने संप्रेरक-उपचारातील स्नायूंची हानी भरून निघाली. अर्थात त्या अभ्यासात हाडांत आजार पसरलेल्या रुग्णांचा समावेश नव्हता. कण्यात आजार असल्यास कोणता मणका कितपत शाबूत आहे, हे पाहूनच भौतिकोपचारतज्ज्ञाने व्यायाम ठरवावेत. कंबरेतून वाकणे व पिळणे टाळावे. उठताना आधी कुशीवर वळून, पाय खाली सोडून, हाताच्या रेट्याने उठावे. कुशीवर झोपताना गुडघ्यांमध्ये उशी घ्यावी. भरलेली बादली, गॅसची टाकी, नातवंड उचलणे बंद करावे. शौचास उकिडवे बसण्याऐवजी कमोड किंवा मध्यभागी भोक पाडलेली खुर्ची वापरावी. एसटीच्या मागील आसनावर बसू नये. किरणोपचार झालेल्या कातडीवर गरम पाण्याची पिशवी ठेवू नये. तेथील त्वचा नाजूक झालेली असते.

आमच्या घरी दिनदर्शिकेच्या मागील बाजूस दोन क्रमांक ठळक अक्षरांत लिहिले आहेत : उपचार करणाऱ्या विभागाचा, आणि रात्री येऊ शकणाऱ्या गाडीवाल्याचा. त्याखाली वडिलांनी शिक्षकी वळणाच्या अक्षरात स्वतः एक ओळ लिहिली आहे : ‘पाय जड वाटल्यास वार न पाहता कळवावे.’