टीव्हीमागची काडी घेण्याआधी

गणपतीला, दिवाळीला किंवा गावच्या जत्रेला मुंबईची मंडळी घरी येतात, तेव्हा त्यांच्या पिशवीतून फरसाण, साडीचोळी, म्हाताऱ्यांच्या गुडघ्याचे तेल असे काहीबाही निघते. त्यात आता एका नव्या वस्तूची भर पडली आहे. बोटभर लांबीची काळी काडी आणि सोबत एक लहानसा रिमोट. ही काडी टीव्हीच्या मागे खोचली आणि घरातल्या इंटरनेटशी जोडली की इंटरनेटवरचे कार्यक्रम मोठ्या पडद्यावर दिसू लागतात. तिला कोणी फायर स्टिक म्हणते, कोणी नुसतेच स्टिक. काडीऐवजी चपटी डबी असली तर तिला बॉक्स म्हणतात.

बोरिवलीच्या किंवा मुलुंडच्या घरात ही काडी झकास चालते. तीच गावाकडच्या घरात लावली की पडद्यावर एक गोल चाक गरगर फिरत बसते. आजी-आजोबा दहा मिनिटे त्या चाकाकडे पाहतात आणि झोपायला निघून जातात. चार दिवसांनी पाहुणे परत जातात, काडी कपाटात जाते, आणि मुलाच्या खात्यातून दरमहा पैसे मात्र कापले जात राहतात.

गावोगाव फिरताना पीकपाण्याच्या गोष्टींबरोबर हा प्रश्न मला हल्ली वरचेवर विचारला जातो. "साहेब, आमचा थोरला अंधेरीला असतो. तो म्हणतोय कोणती काडी पाठवू?" माझे उत्तर असे, की काडी सर्वांत शेवटी निवडा. आधी घरात येणारे इंटरनेट पाहा, मग टीव्ही पाहा, मग घरातली माणसे काय पाहणार ते ठरवा. जमीन आणि पाणी न पाहता उसाची जात कोणी विचारली, तर आपण त्याला हसतोच ना?

उपनगरांत हे सारे सोपे का झाले, हे आधी समजून घेऊ. मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ रोजी वरळीहून सुरू झाले. तेव्हा चाळीच्या कौलांवर ॲल्युमिनियमच्या काड्यांचे अँटेना उभे राहिले. पुढे १९९१-९२ च्या सुमारास केबल आली. गल्लीतल्याच एखाद्या होतकरू पोराने या गच्चीवरून त्या गच्चीवर वायरी टाकल्या आणि घरोघर परदेशी वाहिन्या दिसू लागल्या. २०१२ मध्ये मुंबईत केबलला सेट टॉप बॉक्स सक्तीचा झाला. आता बऱ्याच ठिकाणी तोच केबलवाला त्याच घरात इंटरनेटची तारही देतो, आणि मोठ्या कंपन्यांच्या फायबरच्या तारा आहेत त्या वेगळ्याच. घाटकोपरला असल्फ्याच्या डोंगरउतारावरच्या गल्ल्यांतून चालताना मान वर केली, तर आभाळापेक्षा वायरीच जास्त दिसतात. दहा बाय बाराच्या खोलीत राऊटर आणि टीव्ही यांच्यात चार हातांचे अंतर असते. तिथे कोणतीही काडी लावा, ती चालणारच. तिथे चालली म्हणून गावाकडेही चालेल, असा निष्कर्ष काढणे हीच चूक आहे.

आता आपल्या घराकडे येऊ. गावात ग्रामपंचायतीपर्यंत फायबर नेण्याची केंद्र सरकारची योजना २०११ मध्ये मंजूर झाली. तिलाच पुढे भारतनेट हे नाव मिळाले. पण ग्रामपंचायतीपासून मळ्यातल्या वस्तीपर्यंतचे दोन किलोमीटर हे वेगळे प्रकरण आहे. म्हणून बहुतेक घरांत इंटरनेट म्हणजे मोबाईलचे रिचार्ज. त्याचा हिशेब जरा शांतपणे करा.

साध्या प्रतीचे चित्र टीव्हीवर पाहिले तर तासाला सुमारे १ जीबी डेटा लागतो. एचडी म्हणजे स्वच्छ चित्र पाहिले तर तासाला ३ जीबीपर्यंत जातो. फोरके नावाच्या फार बारीक चित्राला तर तासाला ७ जीबीपर्यंत लागतात. तुमच्या रिचार्जमध्ये रोज दीड जीबी मिळत असतील, तर एचडीमध्ये अर्ध्या तासात तो दिवसाचा वाटा संपला. सिनेमा मध्यंतरापर्यंतही जायचा नाही. घरात रोज तीन तास टीव्ही चालतो असे धरले, तर महिन्याला साध्या चित्राला ९० जीबी आणि एचडीला २७० जीबी लागतील. मोबाईलच्या हॉटस्पॉटवर हा संसार चालत नाही. शिवाय मोबाईल ज्याच्या खिशात, त्याच्याबरोबर इंटरनेटही शेतावर जाते आणि घरातला टीव्ही बंद पडतो!

घरात फायबरची तार किंवा छपरावर छोटा अँटेना लावून मिळणारे घरगुती इंटरनेट असेल, तर डेटाची चिंता बरीच मिटते. मग पाहायचा तो वेग. स्वच्छ चित्रासाठी सेकंदाला ५ मेगाबिटपर्यंतचा वेग टिकून मिळाला तरी पुष्कळ झाला. टिकून हा शब्द महत्त्वाचा. दुपारी बारा वाजता मिळणारा वेग खरा मानू नका. रात्री आठ ते दहा या वेळात सारा गाव मोबाईल घेऊन बसलेला असतो, टॉवरवर ताण येतो, आणि नेमका तोच आपला टीव्ही पाहायचा वेळ.

यासाठी एक फुकटची परीक्षा सांगतो. जिथे टीव्ही ठेवला आहे त्याच जागी रात्री नऊच्या सुमारास मोबाईल धरा, आणि जे इंटरनेट काडीला द्यायचे आहे तेच मोबाईलला जोडा. यूट्यूबवर कोणताही मोठा व्हिडिओ लावून त्याच्या सेटिंगमध्ये चित्राची प्रत ७२० वर ठेवा आणि अर्धा तास चालू द्या. असे सलग तीन रात्री करा. चाक फिरले नाही तर काडी घ्यायला हरकत नाही. फिरले, तर दुकानातली सर्वांत महागडी काडी आणली तरी ते चाक थांबायचे नाही. माती परीक्षणाला बांधावरची माती देऊन चालत नाही, तशी ही परीक्षा अंगणात उभे राहून करू नका. दगडमातीच्या जाड भिंतीने वायफाय निम्म्यावर येते. राऊटरमधून दोन प्रकारच्या लहरी निघतात. २.४ असे लिहिलेली लहर भिंतीपलीकडे जरा लांब जाते, ५ असे लिहिलेली वेगवान असते पण भिंतीला लवकर हार मानते. टीव्ही पलीकडच्या खोलीत असेल तर काडी २.४ वर जोडून पाहा.

इंटरनेट जमले की टीव्हीच्या मागे डोकवा. गेल्या काही वर्षांत घेतलेला टीव्ही बहुधा स्मार्ट असतो, म्हणजे इंटरनेटची सोय त्याच्या पोटातच असते. रिमोटवर यूट्यूबचे बटण दिसले की समजावे, काडीची गरज नाही. हे न पाहता काडी आणणारी घरे मी मोजून थकलो. स्मार्ट टीव्ही पाच-सहा वर्षांचा होऊन फार मंद झाला, नवी ॲप घेईना, तर मात्र नवा टीव्ही घेण्यापेक्षा काडी स्वस्त पडते. टीव्ही स्मार्ट नसेल तर त्याला एचडीएमआयची चपटी खाच आहे का, ते बघा. जुन्या डब्यासारख्या टीव्हीला पिवळ्या, लाल, पांढऱ्या पिनांची भोके असतात. त्याला मधे एक कन्व्हर्टर लावून काडी जोडता येते खरी, पण अक्षरे इतकी पुसट येतात की कार्यक्रम शोधणेच जिवावर येते. त्या टीव्हीवर पैसे घालू नयेत.

आपल्याकडचे ३२ इंची टीव्ही बहुतेक करून साध्या एचडीचे असतात. दुकानदार फोरकेची काडी पुढे सरकवील, त्या टीव्हीवर तिचा काही उपयोग नाही. जास्तीचे हजार-दोन हजार खिशात राहू द्या.

आता काडी. ॲमेझॉनची फायर स्टिक भारतात २०१७ मध्ये आली. गूगलची क्रोमकास्ट त्याआधी, २०१४ च्या अखेरीस आली होती. तिला सुरुवातीला रिमोट नव्हता, सारे मोबाईलवरून चालवावे लागे. २०२४ मध्ये गूगलने क्रोमकास्ट बनवणे थांबवले, तेव्हा जुना माल स्वस्तात मिळाला तरी मोहात पडू नका. गूगलचीच व्यवस्था असलेल्या दुसऱ्या कंपन्यांच्या डब्या मिळतात. काही कंपन्यांच्या घरगुती इंटरनेट योजनेत बॉक्स सोबतच मिळतो, म्हणून काडी विकत घेण्यापूर्वी इंटरनेटवाल्याला ते विचारून घ्या. माझे मत विचाराल तर नामांकित कंपनीची, साध्या एचडीची, रिमोटवर बोलायचे बटण असलेली काडी गावच्या घराला पुरेशी आहे. बोलायचे बटण चैनीचे वाटेल, पण चष्मा लावून एकेक अक्षर दाबण्यापेक्षा आजीला कीर्तन म्हणून बोलणे सोपे जाते. दुकानात आपल्या बोलीत बोलून पाहा. यंत्राला ते उमगते का, ते तिथेच कळेल.

अंधेरी किंवा बोरिवली स्टेशनबाहेरच्या गर्दीत आणि ऑनलाइन बाजारातही बिननावाचे बॉक्स मिळतात. 'सगळ्या वाहिन्या, सगळे सिनेमे, जन्मभर फुकट' असे सांगून ते विकले जातात. ते घेऊ नका, हे मी जरा जोर देऊन सांगतो. त्यातले सिनेमे चोरीचे असतात, ही एक गोष्ट. दुसरी त्याहून वाईट. अशा बॉक्समध्ये कारखान्यातूनच घातक प्रोग्रॅम भरलेले सापडले आहेत. अमेरिकेच्या एफबीआयने जून २०२५ मध्ये याबद्दल जाहीर इशारा दिला होता. असा बॉक्स घरच्या वायफायला जोडणे म्हणजे भुरट्या चोराला ओसरीवर वस्तीला ठेवणे, आणि त्याच वायफायवर आपला बँकेचा मोबाईलही असतो. पक्की पावती, कंपनीचे नाव आणि चार्जरवर भारतीय मानक ब्युरोची नोंदणीची खूण, एवढे पाहूनच वस्तू घ्यावी.

काडीची किंमत एकदाच द्यायची असते. खरा खर्च दरमहाचा. इंटरनेटचे बिल वेगळे आणि प्रत्येक ॲपची वर्गणी वेगळी. मुलुंडचा मुलगा म्हणतो, "आई, माझाच पासवर्ड टाक, वेगळे पैसे नकोत." पूर्वी हे चालून जाई. नेटफ्लिक्सने जुलै २०२३ पासून भारतात एका घराचे खाते दुसऱ्या घरात वापरण्याला आळा घातला आहे. इतर ॲपनाही एका वेळी किती पडदे चालतील याची मर्यादा असते. इकडे आजोबांनी सामना लावला की तिकडे सूनबाईंची मालिका बंद पडते आणि फोन खणखणतो! वर्षभराची वर्गणी एकदम भरण्याचीही घाई नको, कारण ही दुकाने बदलत असतात. जिओसिनेमा आणि डिस्ने प्लस हॉटस्टार ही दोन ॲप फेब्रुवारी २०२५ मध्ये एक होऊन जिओहॉटस्टार झाली. महिन्याची वर्गणी भरून पाहावी, आवडली तर पुढचे पाहावे.

महिन्याच्या महिन्याला आपोआप पैसे कापायची परवानगी दिलेली असते, तिकडे लक्ष ठेवा. ऑक्टोबर २०२१ पासून रिझर्व्ह बँकेच्या नियमाने असे पैसे कापण्यापूर्वी किमान २४ तास आधी सूचना यावी लागते. ती आपण वाचत नाही, हे निराळे. मोबाईलच्या पैशांच्या ॲपमध्ये ऑटोपे या नावाखाली सगळ्या परवानग्यांची यादी असते. नको असलेली तिथून बंद करता येते. काडी नव्याने सुरू करताना कोणी फोन करून 'चालू करण्याची फी' मागितली, तर तो ठग समजावा. अशी फी नसते. फसवणूक झालीच तर वेळ न दवडता १९३० या क्रमांकावर कळवावे.

इतके सारे करून पाहायचे काय? घरात बातम्या, मालिका, भजन-कीर्तन आणि एखादा सिनेमा एवढेच पाहिले जात असेल, तर दूरदर्शनची फ्री डिश आजही फार चांगली सोय आहे. ती डिसेंबर २००४ मध्ये सुरू झाली. छत्री आणि बॉक्सचा खर्च एकदाच, पुढे दरमहा एक पैसा नाही, आणि इंटरनेटही लागत नाही. सह्याद्री वाहिनी त्यावर दिसते, २०१५ मध्ये सुरू झालेली डीडी किसानही दिसते. मुंबई दूरदर्शनवरचे 'आमची माती आमची माणसं' पाहायला ज्या पिढीने ग्रामपंचायतीच्या टीव्हीपुढे घोंगडी टाकली, तिला दूरदर्शनची ओळख करून द्यायला नको. प्रसार भारतीने नोव्हेंबर २०२४ मध्ये वेव्हज नावाचे ॲपही काढले आहे. काडी असेल त्यांनी तेही पाहावे.

काडीचा शेतकऱ्याला विशेष फायदा म्हणाल तर यूट्यूब. डाळिंबाची छाटणी किंवा दुभत्या जनावराची कास कशी तपासावी, हे बोटभर पडद्यापेक्षा मोठ्या पडद्यावर चौघांनी मिळून पाहिले तर चटकन समजते. घरच्या बाईमाणसांनाही ते दिसते, आणि गोठ्याचे काम बहुधा त्याच करतात. मात्र कोणी व्हिडिओत औषधाचे प्रमाण सांगितले म्हणून लगेच पंप भरू नका. बाटलीवरचे लेबल वाचा आणि सहायक कृषी अधिकाऱ्याला विचारा. व्हिडिओ पाहणारांच्या संख्येवर पैसे मिळवणाऱ्याला तुमच्या पिकाची जबाबदारी नसते.

लहान मुले असतील तर काडीत त्यांचे वेगळे खाते उघडून मोठ्यांच्या खात्याला आकडी कुलूप घालता येते. ते पहिल्याच दिवशी करा, मुले आपल्याहून लवकर शिकतात.

लावताना काडीची तार टीव्हीच्याच यूएसबी भोकात घालू नये. तिथून बहुधा वीज अपुरी मिळते आणि काडी मधूनच बंद पडून पुन्हा सुरू होते. सोबतचा चार्जर भिंतीवरच्या सॉकेटलाच लावावा. राऊटरसाठी लहानसा बॅकअप मिळतो, भारनियमनात तो उपयोगी पडतो. वळवाच्या पावसात आभाळ गडगडू लागण्याआधीच टीव्ही, काडी आणि राऊटर तिन्हींच्या पिना काढून ठेवाव्यात. नुसते बटण बंद करून भागत नाही. घरापर्यंत तांब्याची तार किंवा छपरावरच्या अँटेनाची तार येत असेल, तर गडगडाट सुरू होण्याआधी तीही सोडवून ठेवावी.