जुन्या विद्युत्-निरोधकांचा संग्रह

विद्युत्‌वाहिनीची तार खांबापासून विलग ठेवणारा चिनी मातीचा अथवा काचेचा घटक म्हणजे निरोधक, व्यवहारातील इन्सुलेटर. पावसात त्याच्या छत्रीसारख्या घेरांची खालची बाजू कोरडी राहते व पृष्ठभागावरून गळणाऱ्या प्रवाहाचा मार्ग लांबतो. दाब अधिक असल्यास घेर वा तबकड्याही अधिक लागतात. यास्तव निरोधकाच्या घडणीवरून वाहिनीच्या दाबाचा अदमास बांधता येतो.

पिंपरी-चिंचवडमधून जाणारा लोहमार्ग याचे उदाहरण होय. कल्याण-पुणे मार्गाचे विद्युतीकरण १९२९ मध्ये १,५०० व्होल्ट एकदिश प्रवाहावर झाले. २०१५ पर्यंत तो २५,००० व्होल्ट प्रत्यावर्ती प्रवाहावर आला होता. पहिल्या व्यवस्थेपुरते घडविलेले निरोधक दुसरीस पुरे पडणारे नव्हते. अशा स्थित्यंतराचा साक्षीदार बहुधा भंगारात जातो.

वाहिनीवरील साहित्य अनधिकृतपणे काढणे विद्युत् अधिनियम, २००३ च्या कलम १३६ अन्वये गुन्हा आहे. म्हणून संग्राहकाने निकालात काढलेली वस्तूच रीतसर, पावतीसह घ्यावी. परंतु पावतीने मालकी सिद्ध होते, इतिहास नव्हे. गाव व वक्ता न नोंदता टिपलेला बोलीतील शब्द जसा अभ्यासास निरुपयोगी, तसाच स्थळ, वाहिनी, निर्मात्याचा छाप व काढल्याचे साल न नोंदलेला निरोधक केवळ कपाटाची शोभा ठरतो.