हाक, आज्ञा आणि वाक्य : श्वानांच्या सांघिक धावस्पर्धेच्या निमित्ताने

बुलढाणा जिल्ह्यातील उंद्रीसारख्या वऱ्हाडी गावात शेताच्या बांधावरून कुत्र्याला जवळ बोलवावयाचे झाल्यास 'यू यू यू' अशी हाक घालतात. त्याला हाकलावयाचे असल्यास 'हाड्' म्हणतात, आणि कोणाच्या अंगावर सोडावयाचे असल्यास 'छू'. हे तीन शब्द मराठी भाषकाच्या कानाला इतके परिचित आहेत की त्यांना शब्द म्हणावे की नाही, हा प्रश्न सहसा उपस्थितच होत नाही. व्याकरणकार त्यांची गणना केवलप्रयोगी अव्ययांत करून पुढे जातात. परंतु केवलप्रयोगी अव्यय हे वक्त्याच्या मनातील भावनेचा उद्गार असते. 'यू यू' मात्र श्रोत्याला उद्देशून आहे व त्याने काही करावे अशी अपेक्षा बाळगते. अर्थाच्या दृष्टीने ते आज्ञार्थाजवळ जाते. रूपाच्या दृष्टीने त्याला ना धातू, ना प्रत्यय. या शब्दवर्गाचे स्वरूप समजून घेण्यास श्वानांच्या शिक्षणाचे एक आधुनिक क्षेत्र साहाय्यभूत होण्यासारखे आहे.

ते क्षेत्र म्हणजे 'फ्लायबॉल' हा सांघिक खेळ होय. १९७० च्या सुमारास अमेरिकेतील कॅलिफोर्नियात त्याचा उगम झाला व १९८४ मध्ये उत्तर अमेरिकेत त्याची नियामक संघटना स्थापन झाली. चार चार कुत्र्यांचे दोन संघ शेजारशेजारच्या मार्गांवर एकाच वेळी धावतात. प्रारंभरेषेपासून ५१ फुटांवर, म्हणजे सुमारे साडेपंधरा मीटरांवर, उतरत्या तोंडाची एक पेटी असते. वाटेत चार अडथळे असतात. कुत्र्याने अडथळ्यांवरून उड्या मारीत जावे, पेटीवर पाय आदळून तीतून उसळणारा चेंडू तोंडात धरावा व त्याच मार्गाने परत यावे. तो रेषेवर पोचला की पुढील कुत्र्याने रेषा ओलांडावी. अडथळ्यांची उंची संघातील सर्वांत लहान कुत्र्याच्या मापावरून ठरत असल्याने ठेंगण्या कुत्र्यालाही संघात मानाचे स्थान असते. उत्कृष्ट संघाचे चारही कुत्रे मिळून ही धाव १५ सेकंदांच्या आत पुरी करतात.

एवढी गुंतागुंतीची कृती कुत्र्याला शिकविली जाते ती वाक्याने नव्हे. शिक्षक बहुधा शेवटापासून प्रारंभ करतात. कुत्र्याला प्रथम अडथळ्यांच्या पलीकडे धरून ठेवतात व मालक रेषेपाशी उभा राहून हाक मारतो; कुत्रा धावत येतो व त्याला खाऊ किंवा आवडते खेळणे मिळते. परतीची वाट अंगवळणी पडली म्हणजे तिच्या आधी चेंडू धरणे जोडतात, त्याच्याही आधी जाण्याची धाव. पेटीवरील वळण स्वतंत्रपणे, साध्या कलत्या फळीवर शिकवितात. पोहणारा जसा भिंतीला पाय लावून वळतो तसे कुत्र्याने चारही पाय टेकून वळावे, म्हणजे पुढच्या पायांना व खांद्यांना हिसका बसत नाही. अशा रीतीने प्रत्येक कृती ही पुढच्या कृतीची खूण बनते. ही एक साखळी आहे. तिला वाक्यरचना म्हणता येणार नाही. वाक्यातील घटकांची अदलाबदल करून नवा अर्थ निर्माण करता येतो. साखळीतील दुव्यांची अदलाबदल केल्यास साखळीच तुटते.

मग कुत्र्याला शब्द कळतो काय? या प्रश्नाचे उत्तर देताना दोन्ही टोके टाळली पाहिजेत. बर्लिनमधील 'हान्स' नावाचा घोडा गणिते सोडवितो अशी ख्याती होती; १९०७ साली ऑस्कर फुंग्स्ट यांनी दाखवून दिले की तो प्रश्नकर्त्याच्या नकळत होणाऱ्या सूक्ष्म हालचाली वाचीत असे. उलट, २००४ साली जर्मनीतील 'रिको' या कुत्र्याला दोनशेंहून अधिक वस्तूंची नावे ओळखता येतात, असे नियंत्रित परीक्षणात आढळले. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात 'चेसर' या कुत्रीच्या बाबतीत ही संख्या १,०२२ होती. हंगेरीत २०१६ साली झालेल्या मेंदूच्या प्रतिमांच्या अभ्यासात असे दिसले की स्तुतीचा शब्द व स्तुतीचा सूर एकत्र आले तरच कुत्र्याच्या मेंदूतील सुखानुभवाची केंद्रे विशेष उद्दीपित होतात. तात्पर्य, शब्द व सूर या दोहोंनाही कुत्रा प्रतिसाद देतो. केवळ एकाच्या आधारे आज्ञा ठरविणे अपुरे होय.

सुराविषयीचे महत्त्वाचे संशोधन पॅट्रिशिया मॅककॉनेल यांचे आहे. निरनिराळ्या भाषा बोलणाऱ्या प्राणिशिक्षकांच्या हाका तपासता त्यांना आढळले की चेतविण्यासाठी आखूड व पुनरावृत्त ध्वनी, तर थोपविण्यासाठी एकच लांबविलेला ध्वनी सर्वत्र वापरला जातो. १९९० साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या पिल्लांवरील प्रयोगांनीही यास दुजोरा दिला. आता मराठीकडे पाहावे. 'यू यू यू' ही आखूड ध्वनींची पुनरुक्ती आहे. बैलाला चालविण्यासाठी काढलेला जिभेचा 'चक् चक्' हा आवाज तसाच. आणि थांबविण्यासाठी घातलेला 'होऽऽ' हा एकच, ओढलेला. विशेष हे की 'चक् चक्' मधील ध्वनी मराठीच्या वर्णमालेत बसतच नाही. प्राण्यांशी बोलताना माणूस स्वतःच्या भाषेची वेस ओलांडतो, हे यावरून स्पष्ट होते.

या विचारातून व्यवहाराचाही काही नियम निघतो. फ्लायबॉलच्या मैदानावर कुत्र्यांच्या भुंकण्याचा कल्लोळ असतो. अशा गोंगाटात आरंभीची व्यंजने प्रथम लोपतात, स्वर तेवढे उरतात. म्हणून 'ये', 'ने', 'दे' या आज्ञा एकाच कुत्र्यासाठी योजणे चुकीचे ठरेल. 'ये', 'सोड', 'आण' यांत स्वरच भिन्न असल्याने घोटाळा कमी. दुसरे असे की मराठी आज्ञार्थ संबोधनाप्रमाणे रूप पालटतो : 'ये', 'ये ना', 'ये रे', 'इकडे ये बघू'. माणसाला हे एकच आहे. कुत्र्याला ते चार निरनिराळे ध्वनी आहेत. संघातील सर्वांनी एकच रूप पाळावे लागते. आज्ञा इंग्रजीतच हवी, या समजुतीला मात्र कोणताही आधार नाही.

विदर्भातील शंकरपटाच्या संदर्भात हा विचार अधिक निकडीचा होतो. सर्वोच्च न्यायालयाने २०१४ साली बैलांच्या शर्यतींवर बंदी घातली. डिसेंबर २०२१ मध्ये महाराष्ट्रात त्यांना सशर्त परवानगी मिळाली व १८ मे २०२३ रोजी घटनापीठाने राज्याचा सुधारित कायदा वैध ठरविला. क्रूरतेस प्रतिबंध ही त्या परवानगीमागील अट आहे. चाबूक व पराणी हातातून गेल्यावर हाकणाऱ्यापाशी उरतो तो आवाज. आवाजाने जे साधते ते टोचणीवाचून साधते, हे श्वानशिक्षणाने खेळाच्या मैदानावर सिद्ध केले आहे.

मोल्सवर्थच्या कोशाने, ज्याची दुसरी आवृत्ती १८५७ साली निघाली, असल्या हाकांना कोशात स्थान देण्यात कमीपणा मानला नाही. परंतु लिपीत उतरलेला 'यू' त्याचा सूर, त्याची लांबी व त्याची आवर्तने सांगत नाही. नांगराची जागा ट्रॅक्टरने घेतल्यावर बैलाच्या हाका प्रथम जातील. त्या ऐकणारे व घालणारे दोघेही असतानाच गावोगाव त्यांचे ध्वनिमुद्रण झाले पाहिजे. बोलीच्या अभ्यासात माणूस माणसाशी काय बोलतो हे पुष्कळ नोंदले गेले आहे. तो आपल्या दाराशी बसलेल्या मुक्या सोबत्याशी काय बोलतो, हेही भाषेच्याच इतिहासाचे एक पान होय.