गजकर्ण आणि मलमाची नळी

मुळशीत ताम्हिणीच्या बाजूने पाऊस एकदा लागला, की दिवसचे दिवस उघडीप मिळत नाही. भातलावणीच्या दिवसांत पाय चिखलात, अंगावरचे कपडे ओले आणि वाळत घातलेले दमट. मग बोटांच्या बेचक्यांत चिखल्या होतात, जांघेत व कमरेला गजकर्णाची वर्तुळे उमटतात. शहरात घट्ट कपडे व घाम तेच काम करतात. गजकर्ण हा बुरशीचा रोग आहे. ही बुरशी कातडीच्या वरच्या थरातील केराटिनवर जगते आणि ऊब व ओल मिळताच फोफावते. यात लाजण्यासारखे काहीच नाही.

पण आपण लाजतो आणि दुकानात जाऊन हळूच ‘खाजेचे मलम’ मागतो. अशा पुष्कळ नळ्यांत बुरशीनाशकाच्या जोडीला क्लोबेटासोल किंवा बीटामेथासोन असे स्टिरॉइड असते. त्याने खाज व लाली दबते, म्हणून दोन दिवसांत गुण आल्यासारखे वाटते. वस्तुतः कातडीची प्रतिकारशक्तीच दबलेली असते. पहारेकऱ्याला झोपवून चोराला मोकळीक द्यावी, तसा हा प्रकार होय. मलम थांबवताच गजकर्ण अधिक पसरते. फार दिवस लावल्यास कातडी पातळ होऊन कायमचे वळ उठतात. म्हणूनच २०१८ साली केंद्र सरकारने लावण्याच्या १४ स्टिरॉइड औषधांची चिठ्ठीशिवाय विक्री बंद केली. शिवाय नेहमीच्या औषधांना दाद न देणारी बुरशीही आपल्या देशात पसरली आहे. २०२० साली तिला ‘ट्रायकोफायटॉन इंडोटिनी’ हे नाव मिळाले.

तेव्हा आमचे सांगणे एवढेच, की नळीवरील घटक आधी वाचावेत. नुसते क्लोट्रिमॅझोल किंवा टर्बिनाफिन असलेले मलम घ्यावे. जागा धुऊन पूर्ण कोरडी करावी. मलम पातळ, वर्तुळाच्या कडेबाहेर दोन बोटे जागेपर्यंत लावावे व हात धुवावेत. खाज थांबली म्हणून औषध थांबवू नये. सांगितलेली मुदत पुरी करावी. टॉवेल व कपडे वेगळे ठेवावेत, उन्हात वाळवावेत. ऊन नसेल तर इस्त्री फिरवावी. घरात दुसऱ्या कोणाला खाज असेल तर त्याचाही इलाज सोबतच करावा.

डोक्यात किंवा नखांत रोग असेल, रोगी लहान मूल, गरोदर स्त्री वा मधुमेही असेल, अथवा दोन आठवड्यांत उतार पडला नाही, तर नवी नळी आणू नये. जुनीच नळी हाती घेऊन डॉक्टरांकडे जावे आणि आजवर काय काय लावले, ते न लपवता सांगावे.